उमादेवी ते टुनटुन : गाणं सुटलं की सोडायला लागलं?

सुरावट

मंडळी, जुन्या हिंदी गाण्यांवर इथे भरभरून लिहिलं जातं पण उमादेवीवर वेगळा धागा काही सापडला नाही, म्हणून मीच काढतेय. उमादेवी म्हणजे आपली टुनटुन. माझ्या वयाच्या लोकांना ती आठवते ती सिनेमात धपकन पडणारी, नाहीतर कुणातरी काडीपैलवान नटाच्या मागे लागलेली जाडी बाई म्हणून. मला मात्र ती आधी आवाज म्हणूनच भेटली. आईला 'अफसाना लिख रही हूँ' फार आवडायचं, आणि ते गाणारी बाई आणि रविवारच्या सिनेमातली टुनटुन एकच हे मला खूप उशिरा कळलं, तेव्हा अक्षरशः धक्का बसला होता.

आता माझा प्रश्न. हे गाणं ज्या सिनेमातलं तो 'दर्द' आला 1947 मध्ये. दिग्दर्शक कारदार, संगीत नौशाद, गीतं शकील बदायुनी (त्याचा तो पहिलाच सिनेमा). गाणं पडद्यावर मुनव्वर सुलतानावर आहे. 1948 मध्ये मेहबूबचा 'अनोखी अदा', त्याच वर्षी मद्रासच्या जेमिनीचा 'चंद्रलेखा', दोन्हींत तिची गाणी. आणि 1950 मध्ये 'बाबुल'मध्ये ही बाई पडद्यावर विनोदी भूमिकेत! म्हणजे देशभर गाजलेल्या गाण्यापासून गाणं मागे पडेपर्यंत जेमतेम तीन वर्षं. असं का झालं? जिथे जावं तिथे एकच उत्तर मिळतं, 'लता आली ना'. मला ते पुरेसं वाटत नाही. लता आल्यावर बाकीच्या सगळ्या काही एका रात्रीत घरी बसल्या नाहीत. माझं मत असं की उमादेवीला गायिका म्हणून घडायला वेळच दिला गेला नाही. तुम्हाला काय वाटतं?

तिखटमीठ

काय?? अफसाना लिख रही हूँ टुनटुनने गायलंय??? मी इतकी वर्षं सुरैया समजत होते.

चाळकरी

@तिखटमीठ, तुम्ही एकट्या नाही, निम्म्या महाराष्ट्राला असंच वाटतं. 'दर्द'मध्ये सुरैया आहेच, त्यामुळे गोंधळ होणारच. त्यात सुरैया आणि उमादेवीचं एक द्वंद्वगीतही आहे, 'बेताब है दिल'. ते ऐका म्हणजे दोन आवाज शेजारी शेजारी मिळतील आणि पुन्हा गल्लत होणार नाही.

श्रीरंग_काका

सुरावट, धागा काढलात ते फार बरं केलंत. थोडी पार्श्वभूमी टाकतो, कारण तिच्या गाण्याआधी तिचं आयुष्य समजून घ्यायला हवं.

जन्म 11 जुलै 1923, उत्तर प्रदेशात अमरोहाच्या बाजूला. जमिनीच्या भांडणात आईबाप गेले, मोठा भाऊ हरी तोही गेला, आणि तेव्हा ही चार-पाच वर्षांची. आईवडिलांचे चेहरेसुद्धा आठवत नाहीत असं ती म्हातारपणी सांगायची. पुढे नातेवाइकांकडे वाढली म्हणजे काय, घरकामाला वाढली. गाणं शिकणं तर सोडाच, गाणं म्हणणंसुद्धा चोरून. रेडिओवर, ग्रामोफोनवर जे कानावर पडेल ते उचलायचं. आणि विशी ओलांडल्यावर ही मुलगी एकटी पळून मुंबईला आली. 1946 च्या आगेमागे एकटी बाई, ओळख ना पाळख, हातात पैसा नाही, आणि थेट नौशादच्या दारात उभी राहिली की मला गाता येतं, संधी दिली नाहीत तर समुद्रात जीव देईन. त्याने तिथल्या तिथे ऐकलं आणि घेतलं. मला त्या काळातल्या अनेक नटनट्यांच्या कहाण्या माहीत आहेत पण इतकं धाडस क्वचित पाहिलंय.

समुद्राचा किस्सा लोक हसत हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, परत जायला तिला घरच नव्हतं हो.

मंजिरी_द

काका, अंगावर काटा आला वाचून.

अमोघ९१

प्रश्नाला सरळ उत्तर देतो, पटलं तर बघा. 1949 हे साल बघा ना. महल, अंदाज, बरसात, बडी बहन, दुलारी, एकाच वर्षात लता सगळीकडे. श्रोत्यांचा कानच बदलला. झोहराबाई अंबालेवाली, अमीरबाई कर्नाटकी, राजकुमारी या सगळ्या त्याच सुमाराला मागे पडल्या. 'रतन'मधलं 'अखियां मिलाके' गाणारी झोहराबाई 1944 मध्ये टॉपला होती, पाच-सात वर्षांत कुठे गेली? उमादेवी त्या लाटेत गेली. यात कुणाचा दोष नाही, नवीन आवाज जास्त चांगला होता एवढंच. भावनेच्या भरात आपण व्यवस्थेला वगैरे दोष देतो.

सुरावट

@अमोघ९१, मग शमशाद बेगमचं काय? ती तर उमादेवीच्याही आधीची. तरी 1954 च्या 'आर पार'मध्ये 'कभी आर कभी पार' तिचं, 1956 च्या 'सीआयडी'त 'कहीं पे निगाहें' तिचं, आणि 1960 च्या 'मुघल-ए-आझम'मध्ये लताच्या समोर बसून कव्वाली गायली. लता आल्यावर दहा वर्षांनी! म्हणजे जुना आवाज म्हणून सरसकट सगळ्या बाद झाल्या असं नाही ना. आणि मजा बघा, 'आर पार'मध्ये टुनटुनपण आहे, पडद्यावर.

अमोघ९१

शमशादला ओ. पी. नय्यर मिळाला. नय्यरने लताला घेतलंच नाही त्यामुळे त्याला दुसरे आवाज लागायचे. उमादेवीला कुणी नय्यर भेटला नाही. म्हणजे माझाच मुद्दा.

रसिका_पुणे

अमीरबाईंचा उल्लेख आला म्हणून थोडं अवांतर. त्या आपल्या बालगंधर्वांच्या गोहरबाई कर्नाटकींच्या सख्ख्या बहीण. माझे आजोबा बालगंधर्वांचे भक्त, त्यामुळे घरात गोहरबाईंबद्दल दोन तट होते, आजी नाव काढू द्यायची नाही. आणि राजकुमारीबाईंचं तर फारच वाईट वाटतं, 'महल'मध्ये 'घबरा के जो हम' गाणारी बाई, नंतर काम नाही म्हणून कोरसमध्ये गात होती असं सांगतात. नौशादनेच ओळखलं आणि मग 'पाकीझा'त 'नजरिया की मारी' तिच्याकडून गाऊन घेतलं. त्या मानाने उमादेवीचं नशीब चांगलंच म्हणायचं, तिला निदान दुसरी वाट मिळाली.

पेटीमास्तर

मी गाण्याच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे हौशी मंडळींचा जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आहे, पेटी माझ्याकडे असते.

उमादेवीचा आवाज खडा, मोकळा, किंचित नाकातला, आणि त्याला मधल्या सप्तकात एक सुंदर गोलाई आहे. 'अफसाना' नीट ऐका. नौशादने चाल बांधताना काय शहाणपणा केलाय बघा, तिला जिथे आवाज लावायला सोपा तिथेच गाणं फिरतं. फार हरकती नाहीत, मुरक्यांची गर्दी नाही, स्वर सरळ लावायचा आणि शब्द सोडायचा. त्या साधेपणामुळे पत्र लिहिणारी मुलगी समोर दिसते. एखाद्या तयार गायिकेने तिथे चार जागा घेतल्या असत्या आणि गाण्यातला निरागसपणा गेला असता.

पण 49 नंतर पट्टी चढली. लताचा आवाज वर सहज जायचा, म्हणून संगीतकार चालीच वरच्या बांधायला लागले, अंतरा तार सप्तकात नेऊन सोडायचा. त्यात उमादेवीचा आवाज ताणला जाणार, पातळ होणार. ती मर्यादा होती आणि ते मान्य करायला हरकत नाही, त्याने तिचा कमीपणा होत नाही. अमोघ म्हणतात तसं 'जास्त चांगला आवाज' मात्र मी म्हणणार नाही. गाणीच बदलली, आणि बदललेली गाणी तिच्या गळ्यासाठी लिहिलेली नव्हती.

नुसतं_वाचणारा

पेटीमास्तर __/\__ असं कुणी समजावून सांगितलं की गाणं परत ऐकावंसं वाटतं. ऑफिसात हेडफोन लावून लागोपाठ ऐकतोय, साहेबांना वाटतंय मी क्लायंटच्या कॉलवर आहे.

जुनी_तबकडी

सगळे 'अफसाना'वरच अडकलेत. 'अनोखी अदा'मधलं 'काहे जिया डोले' आणि 'दिल को लगाके हमने कुछ भी न पाया' ऐकलंत का कुणी? आणि 'चंद्रलेखा'? त्यात तिची सात गाणी आहेत, सात! संगीत एस. राजेश्वर राव यांचं. 'साँझ की बेला' ऐका आणि मग सांगा आवाजाला मर्यादा होत्या म्हणून. मला तर ते तिचं सर्वात उत्तम काम वाटतं.

आता चंद्रलेखाबद्दल. एस. एस. वासनचा हा सिनेमा म्हणजे त्या काळातला प्रचंड खर्चाचा मामला, तो ढोलांवरचा नाच आजही लोक बघतात. आधी तमिळमध्ये आला आणि 1948 च्या शेवटी हिंदीत. मद्रासवाल्यांनी हिंदीसाठी नायिकेचा आवाज म्हणून मुंबईच्या इतक्या गायिकांमधून उमादेवीला बोलावलं, म्हणजे ती तेव्हा किती वर होती बघा. आणि इथेच खरी गोम आहे. ती कारदारच्या कंपनीला करारानं बांधलेली होती. बाहेरचं काम घेतलं म्हणजे करार मोडला, आणि त्यानंतर तिची कामं आटली असं सांगितलं जातं. म्हणजे घसरण लतामुळे सुरू झाली नाही, तिची गाडी 1948 मध्येच रुळावरून उतरायला लागली होती. कारदार आणि नौशाद हे तिचं माहेर होतं, तेच तुटलं.

सुरावट

@जुनी_तबकडी, अगदी हेच! करार हा मुद्दा कुणी बोलतच नाही. तेव्हाची स्टुडिओ पद्धत म्हणजे नोकरीच की. परळला कारदार स्टुडिओ, महिन्याच्या पगारावर माणसं, आणि बाहेर पाऊल टाकलं की संपलं. ज्या मुलीला लिहिणं-वाचणं, कायदा-कागद समजावून सांगणारं कुणी मागे नाही, तिने कुठल्या कागदावर काय बघून सही केली असेल?

श्रीरंग_काका

बरोबर, आणि ते दिवसही कसे, युद्धानंतरचे. स्टुडिओंचा पगारी कारभार मोडकळीला येत होता, स्वतंत्र निर्माते पैसा घेऊन उतरले होते, नटनट्या कंपन्या सोडून मोकळ्या होत होत्या. मोठ्यांनी करार मोडले तर त्यांना पुढचं काम तयार असायचं. हिने मोडला तर हिच्यामागे कोण?

कोकणकन्या

त्या वेळी गाणाऱ्यांचं नाव तरी धड कुठे छापायचे? 'महल'च्या रेकॉर्डवर सुरुवातीला 'आयेगा आनेवाला'ची गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं, ते पात्राचं नाव! लताबाईंची ही गत तर बाकीच्यांचं काय.

मंजिरी_द

मला जरा वेगळं लिहायचंय, विषयाला धरूनच आहे.

मी लहानपणापासून अंगानं भरलेली. शाळेत मला आख्खा वर्ग 'टुनटुन' म्हणायचा. मुलं म्हणायची, मुली म्हणायच्या, एक बाईसुद्धा गॅदरिंगच्या वेळी म्हणाल्या, 'टुनटुनला मागच्या रांगेत घ्या'. मी गायचे बरं का, बऱ्यापैकी गायचे, पण समूहगीतात कायम मागे. त्यामुळे टुनटुन या बाईचा मला इतका राग होता की टीव्हीवर दिसली की मी उठून आत जायचे. मग बऱ्याच वर्षांनी सकाळी रेडिओवर 'भूले बिसरे गीत'मध्ये हे गाणं लागलं आणि निवेदकाने नाव सांगितलं, उमादेवी, ज्यांना आपण टुनटुन म्हणून ओळखतो. मी हातातलं काम टाकून तशीच बसले. म्हणजे ज्या नावाने मला मागे ढकललं ते नाव एका गाणाऱ्या बाईचं होतं! तेव्हापासून मला ती माझी कुणीतरी वाटते. माझ्यासाठी हा धागा म्हणूनच फार जवळचा आहे.

सुरावट

मंजिरीताई, काय लिहू सुचत नाही. खूप मनापासून लिहिलंत, थँक्यू.

तिखटमीठ

मंजिरी, तू गाणं म्हणून पाठव आम्हाला. पहिल्या रांगेत बसून ऐकू.

अमोघ९१

मंजिरीताई, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो थोडा. जुन्या सिनेमातले तिचे अर्धे विनोद 'ही जाडी आहे' याच्यापुढे जातच नाहीत हे खरं आहे. ती दारात अडकली, हसा. ती कुणाच्या अंगावर पडली, हसा. जवळपास 200 सिनेमे केले पण लेखकांनी तिच्यासाठी वेगळं असं किती लिहिलं? हे मलाही खटकतं.

चाळकरी

थांबा थांबा, इथे मी तिची बाजू घेणार. विनोद एकसुरी लिहिलेला असेल पण करणारी बाई एकसुरी नव्हती. 'प्यासा' बघा परत. कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा, नायक विजयच्या आयुष्याचं पार वाटोळं झालंय, आणि तिथे ही पुष्पलता, जुनी वर्गमैत्रीण, त्याला भेटते. किती छोटासा प्रसंग! पण ती ज्या उत्साहाने बोलायला सुरुवात करते, खरंच एखाद्या लग्नात भेटलेली जुनी मैत्रीण वाटते. एका शब्दावर जोर, लगेच आवाज खाली, मग हसू. ते टायमिंग आहे ना, ते गाणाऱ्याचं टायमिंग आहे. समेवर यायची सवय असलेल्या माणसालाच संवाद असा टाकता येतो. गुरुदत्तने तिला 'आर पार', 'मिस्टर अँड मिसेस 55', 'प्यासा' अशी परत परत घेतली ती काही फक्त वजन बघून नाही.

पेटीमास्तर

चाळकरी, समेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. विनोद करणारे बहुतेक सगळे मोठे नट तालात पक्के असतात. आपले भगवानदादा बघा ना, 'अलबेला'तला तो नाच. पाय फार हलत नाहीत पण लय एक इंच हलत नाही.

रसिका_पुणे

भगवानदादांवरून ललिता पवार आठवल्या. 1942 मध्ये चित्रीकरणाच्या वेळी भगवानदादांनी मारलेली थप्पड चुकून जोरात बसली, डोळा अधू झाला, नायिकेच्या भूमिका गेल्या. आणि त्याच डोळ्यानिशी त्यांनी खाष्ट सासूचं साम्राज्य उभं केलं. 'मिस्टर अँड मिसेस 55'मध्ये त्या आणि टुनटुन दोघीही आहेत. दोघींचं मूळ काम एका झटक्यात हातून गेलं होतं, दोघी रडत बसल्या नाहीत. मला ह्या दोघींबद्दल प्रचंड आदर आहे.

नुसतं_वाचणारा

टुनटुन हे नाव कुठून आलं पण?

श्रीरंग_काका

'बाबुल'च्या सेटवरून. गाणं कमी झाल्यावर नौशादनेच सुचवलं की तुझा स्वभाव असा बडबडा, हसरा, तू नट हो. तर हिने अट घातली की काम करीन तर पहिल्यांदा दिलीपकुमारबरोबरच! हट्टीपणा तसाच होता बघा, दारात उभी राहिली होती तेव्हाचाच. आणि मिळालाही दिलीपकुमार. एका दृश्यात तो पळताना तिच्यावर पडला आणि त्याच्या तोंडून 'टुनटुन' निघालं, तेच चिकटलं, असा किस्सा आहे. 'बाबुल'मध्ये नर्गिसबरोबर दुसरी नायिका कोण होती माहितीये? मुनव्वर सुलताना. जिच्या ओठांवर 'अफसाना' होतं तीच. तीन वर्षांपूर्वी जिला आवाज दिला तिच्याच सिनेमात ही हसवायला उभी राहिली.

कोकणकन्या

बाप रे काका, हे माहीत नव्हतं.

सुरावट

मला नौशादबद्दल मात्र जरा बोलायचंय. सगळे म्हणतात किती मोठं मन, किती चांगला सल्ला. सल्ला चांगलाच ठरला, वाद नाही. पण त्याच माणसाकडे तेव्हा वर्षाला कितीतरी गाणी होती. त्याने ठरवलं असतं तर तिच्या गळ्याला बसेल असं एखादं गाणं दर सिनेमात ठेवता आलं असतं. 'तू नट हो' हे सांगणं म्हणजे एका अर्थी 'आता माझ्याकडे तुझ्यासाठी गाणं नाही' हेच सांगणं झालं.

अमोघ९१

हे अन्यायकारक आहे सुरावट. नौशाद धंद्यात होता, अनाथाश्रम चालवत नव्हता. निर्मात्याला जे चालेल ते द्यावं लागतं. उलट तो काहीच बोलला नसता तर तिची गत राजकुमारीसारखी झाली असती. त्या सल्ल्यावर तिने पुढची चाळीस वर्षं संसार चालवला, 1990 पर्यंत सिनेमात दिसते. किती गायिकांना चाळीस वर्षं काम मिळालं?

रसिका_पुणे

+1 अमोघ. आणि संसार म्हणजे दोन मुली, दोन मुलगे. नवराही त्या गाण्यानेच मिळवून दिला, दिल्लीच्या एका माणसाला 'अफसाना' इतकं आवडलं की तो मुंबईला आला आणि हिचाच झाला. ती त्याला मोहन म्हणायची. 1992 मध्ये ते गेले.

तिखटमीठ

गाणं ऐकून थेट लग्न! आमच्याकडे मी गायला लागले की हे गॅलरीत जाऊन उभे राहतात, शेजाऱ्यांना कळावं की मारहाण चालू नाहीये 😄

चाळकरी

😂😂

जुनी_तबकडी

थोडं दक्षिणेत जाऊ या का? तमिळमधली मनोरमा. विनोदी नटी, हजारावर सिनेमे, आणि स्वतः गाणारी. 1968 मध्ये 'बोम्मलाट्टम' सिनेमात तिने स्वतःच्या आवाजात मद्रासच्या गल्लीतल्या भाषेतलं 'वा वाथ्यारे' गायलं आणि ते आजही तिकडे सगळ्यांना पाठ आहे. म्हणजे विनोद आणि गाणं एकत्र नांदू शकतं, प्रेक्षक स्वीकारतात. आपल्याकडे हिंदीत किशोरकुमारला ते जमलं, तो विनोदी हिरो म्हणून गाजत होता तेव्हाही गात होता. पण तो हिरो होता, स्वतःसाठी गात होता. टुनटुन कधी नायिका नव्हती, तिच्या वाट्याला नायिकेचं गाणं यायचंच नाही. एक बाई विनोदीपण आहे आणि डोळ्यांत पाणी आणणारं गाणंपण गाते, हे आपल्या निर्मात्यांना झेपलंच नसतं तेव्हा.

मंजिरी_द

आता तरी झेपतं का?

पेटीमास्तर

मंजिरीताई, प्रश्न बरोबर आहे. आमच्या ऑर्केस्ट्रात 'अफसाना' कायम असतं. आधी निवेदिका सुरुवातीलाच सांगायची, आता ऐकू या टुनटुन यांनी गायलेलं गाणं. लगेच सभागृहात खसखस पिकायची. गाणारी मुलगी बिचारी त्या हशातच पहिला स्वर लावायची, आणि पहिली ओळ वाया. मग आम्ही क्रम बदलला. आता फक्त 'उमादेवी' म्हणतो, गाणं पूर्ण होऊ देतो, टाळ्या होऊ देतो आणि मग सांगतो की ही टुनटुन. तेव्हा कुणी हसत नाही, वन्समोअर येतो. हशा आधी की गाणं आधी, एवढ्याने केवढा फरक पडतो बघा.

कोकणकन्या

मास्तर, हे फार छान केलंत तुम्ही. आमच्या मंडळात पण सुचवते.

श्रीरंग_काका

सुरावट, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, रात्रभर डोक्यात होता.

अमोघ म्हणतात लता, तबकडी म्हणतात करार, मास्तर म्हणतात पट्टी. तिन्हीत तथ्य आहे. पण मी तिघींची तयारी शेजारी ठेवून बघितली. शमशाद 1937 पासून लाहोरला रेडिओवर गात होती, संगीतकार मास्टर गुलाम हैदरसारखा माणूस डोक्यावर, 1941 चा 'खजांची' पाठीशी. 1947 येईपर्यंत माईकपुढे दहा वर्षं काढलेली बाई. लता? दीनानाथांच्या घरात जन्म, लहानपणापासून तालीम, 1942 पासून मास्टर विनायकांच्या कंपनीत धक्के खाल्ले, मुंबईत आल्यावर अमान अली खाँ भेंडीबाजारवाल्यांकडे शिकली. 1949 चा चमत्कार दिसतो तो सात-आठ वर्षांच्या मेहनतीनंतरचा.

आणि उमादेवी? पहिलं गाणं 1946 चं, 'वामिक अजरा' सिनेमातलं. पुढच्या वर्षी 'अफसाना'. गुरू नाही, तालीम नाही, घर नाही. माईकपुढे एक वर्ष काढलं आणि तेवढ्यात देशभर गाजलेलं गाणं दिलं! 1949 मध्ये जेव्हा पट्टी चढली तेव्हा वर जाण्यासाठी जो रियाझ लागतो तो करायला तिला कधी मिळालंच नाही. कुणी दोन वर्षं शिकवणी लावून दिली असती, करारात अडकवलं नसतं, तर शमशादसारखी दहा वर्षं ती नक्की टिकली असती असं माझं ठाम मत आहे.

अमोघ९१

काका, हे मात्र पटलं. 'आवाज जास्त चांगला'ऐवजी 'आवाज जास्त तयार' असं म्हणतो आता. शमशादचा दाखला माझ्या बाजूने वापरत होतो तो तुम्ही फिरवलात.

सुरावट

काका, मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलंत. मनापासून आभार.

तिखटमीठ

बरं मला आता कुणीतरी सांगा, नवख्या माणसाने कुठल्या क्रमाने ऐकायचं? आज दुपार मोकळी आहे.

जुनी_तबकडी

'अफसाना' ऐकलंयच तुम्ही. त्यानंतर 'बेताब है दिल', म्हणजे सुरैयापासून वेगळी कळेल. मग 'काहे जिया डोले'. शेवटी 'साँझ की बेला', आणि ते मोबाईलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा, रेकॉर्ड जुनी आहे.

श्रीरंग_काका

त्यात एक भर घाला. 'दर्द'मध्येच शमशादचं 'हम दर्द का अफसाना' आहे. सिनेमा तोच, संगीतकार तोच, साल तेच. दोन्ही पाठोपाठ ऐका आणि तुमचं तुम्ही ठरवा.

तिखटमीठ

ऐकून आले. शमशादचं गाणं म्हणजे एकदम ठणठणीत, कुठे धक्का नाही, बाई गाण्यात मुरलेली आहे हे मला अडाणीलाही कळलं. उमादेवीचं तसं नाही, ती गाण्यात नवीन आहे, आणि मला वाटतं म्हणूनच ती पत्र लिहिणारी मुलगी खरी वाटते. आता 'चंद्रलेखा' लावतेय. मंजिरी, तुझ्या गाण्याची वाट बघतेय हं, विसरले नाहीये.

मंजिरी_द

संध्याकाळी घरात शांतता झाली की रेकॉर्ड करते. पेटीमास्तर, माझी पट्टी काळी एक आहे, 'काहे जिया डोले' जमेल का त्यात?

पेटीमास्तर

जमेल. अंतरा वर वाटला तर पांढरी एकला घ्या, लाजायचं काही कारण नाही.